नाहीचा तास

शाळेत चित्रकलेचा तास हा हक्काचा असतो. म्हणजे ज्याला हवा असेल त्याच्या हक्काचा. गणिताचा भाग मागे पडला, घ्या चित्रकलेचा तास. लस टोचायला माणसं आली, घ्या चित्रकलेचा तास. मुलुंडच्या शाळेत मी नवी नवी चित्रकला शिकवत होते तेव्हा आमचे हेडमास्तर देवस्थळी सर जिन्यात समोर आले आणि "दातेबाई" एवढंच म्हणाले, की मी "घ्या सर" म्हणून मोकळी होत असे. अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गाचा, शनिवारचा शेवटचा तास असाच गेला. तो सबनिसांनी नेला, आणि नाही कसं म्हणावं हे शिकवण्यासाठी नेला.

सबनीस शिक्षक नव्हते. फोर्टातल्या एका सहकारी बँकेत ते वसुलीला होते. कर्ज थकलं की त्या घरी जायचं, दारात उभं राहायचं आणि बँकेचं नाव सांगायचं, ही त्यांची नोकरी. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा पट्टा त्यांच्याकडे होता आणि शनिवारी मुलुंड असे. उंच, किडकिडीत, अंगात तपकिरी कोट, कोपरांवर त्याच रंगाच्या जवळपास जाणारी ठिगळं. पाच रस्ता नाक्यावरून ते चालायला लागले की दुकानदार उगाच आत जाऊन काहीतरी शोधायला लागत. पहिल्या शनिवारी ते शाळेच्या फाटकातून आत आले, तेव्हा आमचा शिपाई बाबाजी जो पाणी भरायला म्हणून गेला, तो शाळा सुटेपर्यंत परतला नाही. तो कोणाला तरी जामीन होता.

जामीन हाच सबनिसांच्या आयुष्याचा विषय. कर्ज घेणारा एक असतो आणि त्यानं हप्ते बुडवले तर माझ्या पगारातून कापून घ्या, असं लिहून देणारे दोन असतात. शिक्षकांच्या खोलीत पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाई, वीस वर्षं या धंद्यात आहे. कर्ज घेतलेला माणूस रडताना मी पाहिलेला नाही. तो गावाला गेलेला असतो. रडतो तो जामीन."

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं. तास गेल्याचा राग होताच.

"मी काय करणार? मी पोचतो तेव्हा सही होऊन गेलेली असते. म्हणून म्हटलं, एकदा सहीच्या आधी पोचून बघू. हे तुमचे अकरावीवाले, दोन वर्षांत भांडुपच्या कारखान्यांत नाहीतर कुठल्या हापिसात लागणार. पहिला पगार झाला की गाववाला दारात. त्याच्या आधी मला यांच्याकडे पोचायचंय."

एवढ्यात चहा आला. बाबाजी गायब म्हणून तो शिवणाच्या बाईंनी केला होता. सबनिसांनी कप हातात घेतला आणि अगदी गंभीरपणे सगळ्यांकडे पाहून विचारलं, "इथे कोणाकडे आमच्या बँकेचं काही येणं नाही ना?" वसुलीला गेलेल्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता. दिवसभर दारोदार फिरून माणूस कोरडाच राहायचा. आमच्या शाळेत मात्र ते तीन-तीन कप प्यायचे. नंतर मला वाटायला लागलं, की निम्मे ते या चहासाठीच येत असावेत.

तासाला मी मागच्या बाकावर बसत असे. वर्ग शांत ठेवायला बसा, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं, पण वर्ग शांत ठेवायची वेळ कधी आली नाही. पहिले काही शनिवार त्यांनी साधे विषय घेतले. पोस्टात खातं कसं उघडायचं, पगार हातात पडल्याबरोबर आधी बाजूला काय काढायचं, व्याजाला व्याज कसं लागतं. फळ्यावर आकडे मांडायचे, मुलांना उभं करून विचारायचे, आणि उत्तर जमलं की म्हणायचे, "बरोबर. बस खाली." यापलीकडे शाबासकी नाही. पण मुलं त्या तीन शब्दांसाठी हात वर करून करून बाकावरून पडायला यायची.

मग एका शनिवारी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून आपलं पेन काढून वर धरलं. जाडजूड फाउंटन पेन, आणि त्याच्या टोपणापासून खालपर्यंत पांढरा दोरा गच्च गुंडाळलेला.

"हे काय आहे?"

"गळतंय का सर?" पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"गळत नाही. सही करायची झाली तर आधी हा दोरा सोडायला लागतो. सोडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस शहाणा होतो." एवढं बोलून त्यांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. "आजपासून नाहीचा तास."

नाहीचा तास म्हणजे नाटकच. सबनिसांनी गळ्याला मफलर गुंडाळला, पाठीला किंचित पोक काढलं आणि ते दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आले. आत आले ते गावाहून आलेले भाऊमामा होऊन. वीस वर्षं दारोदार ऐकलेली मालवणी त्यांच्या तोंडात चपखल बसली होती. हातात कागदाची पुडी होती आणि पुडीत खरोखरचे तळलेले फणसाचे गरे होते.

"काय रे झिला, बापूस खंय? घे, गरे खा. माज्या आवशीन धाडल्यान हत."

समोर उभा होता राणे. वक्तृत्वाची ढाल जिंकलेला मुलगा. त्याच्याशी वाद घालायला आम्ही शिक्षकही बिचकत असू. त्यानं गरे घेतले. भाऊमामांनी गावच्या आंब्याचं सांगितलं, देवळाच्या कौलांचं सांगितलं, राण्याच्या आजोबांना आपण खांद्यावरून डॉक्टरकडे कसं नेलं ते सांगितलं, आणि मग हळूच खिशातून कागद काढला. "पैसे मागूक नाय येवक मी. नुसती सही तर करूची हा."

राणे म्हणाला, "बघू हं मामा."

"बघू म्हणजे हो," मफलर न काढताच सबनीस आपल्या आवाजात म्हणाले. "उशिरा म्हटलेलं हो. पुढचा."

पुढचीनं बाबा घरी नसल्याचं सांगितलं. भाऊमामा बाबा येईपर्यंत पथारी पसरायला तयार झाले. तिसऱ्यानं पेन नाही म्हणून सांगितलं. भाऊमामांनी पेन दिलं. चौथा म्हणाला, आमच्या बहिणीचं लग्न आहे, आम्हालाच अडचण आहे. भाऊमामा म्हणाले, "मग तुज्या बापाशीक मी जामीन रवतंय. तो माका, मी तेका." वर्ग हसून हसून लोळला, आणि चौथ्यानं सही केली.

"कारण द्यायचं नाही," सबनीस म्हणाले. "कारण दिलंत की समोरचा ते दुरुस्त करून आणतो. नाही म्हणायचं, आणि मग चहा टाकायचा. नाही म्हणजे भांडण नव्हे. भांडून नाही म्हणणं सोपं आहे, ते कोणालाही येतं. चहा देऊन म्हणून दाखवा."

पुढचे कितीतरी शनिवार हे नाटक चाललं. कोणालाही ते जमलं नाही. पोरं हसायची, गरे खायची आणि सह्या करायची. आपल्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही, त्याला ती पोरं तरी काय करणार? नाहीच्या तासाला "बरोबर, बस खाली" कोणाच्याच वाट्याला आलं नाही.

शेवटून दुसऱ्या बाकावर शशिकला परब बसायची. माझ्याच पुढे, म्हणून तिची वेणी मला पाठ होती. वडील भांडुपच्या कारखान्यात, घर मिठागराच्या बाजूच्या चाळीत. ती हसत नसे. एकदा सबनिसांनी तिला उभं केलं आणि भाऊमामा सुरू होणार, तोच ती म्हणाली, "सर, पण माणूस खराच अडलेला असला तर?"

सबनिसांनी मफलर काढला. मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी सांगतो."

ही त्यांची गोष्ट मला फार आवडली. इतक्या वर्षांत येत नसलेलं उत्तर वर्गात ठोकून देणारे पुष्कळ पाहिलेत. पुढच्या शनिवारी सांगतो म्हणणारा हा एकच. आणि पुढच्या शनिवारी आल्या आल्या त्यांनी तिला उभं केलं. "शशिकला, तुझा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. ऐक. अडलेल्याला द्यावं. पण बुडालं तरी आपली झोप जाणार नाही, एवढंच द्यावं, रोख द्यावं, आणि दिलं म्हणजे दिलं. परत आलं नाही तरी चालेल, असं सांगून द्यावं. सही मात्र द्यायची नाही. सही म्हणजे आपल्याकडे नसलेलं देणं."

ती "हो सर" म्हणून बसली. तिला तो प्रश्न का पडला होता ते मला पुढे समजलं. परब आधीच एका गाववाल्याला जामीन होते, तो गाववाला रत्नागिरीच्या बाजूला कुठेतरी सुखात होता, आणि इथे दर महिन्याला परबांचा पगार कापला जात होता. आणखी एक सही झाली असती तर परीक्षेचा फॉर्म भरायचे पैसे उरले नसते. शशिकलेसाठी एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायचं काम बघूनही ठेवलं होतं.

याच सुमारास मला सबनीसवहिनी भेटल्या. मंडईत. कोणीतरी ओळख करून दिली, आणि मी शिष्टाचार म्हणून सांगितलं, की तुमचे यजमान आमच्या मुलांना नाही म्हणायला फार छान शिकवतात.

वहिनींनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "शाळेत शिकवतात होय? मग एकदा घरीही येऊन शिकवा म्हणावं."

मी ती जुडी उचलून त्यांच्या पिशवीत घातली.

"मेव्हण्याला जामीन, शेजाऱ्याला जामीन. कोटाचं कापड घेऊन ठेवलंय दोन दिवाळ्या, शिलाईला पैसे उरत नाहीत. आणि तो पेनचा दोरा बघितलात ना? तो मी बांधते. रोज सकाळी, डबा भरला की."

मी घरी येऊन पोट धरून हसले. पण मग वाटलं, ज्याला पोहता येत नाही तोच विहिरीची खोली बरोबर सांगतो. दुसऱ्या शनिवारी सबनिसांना बघितल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली, आणि मी त्यांच्या चहात साखर जास्त घातली.

परीक्षेचे फॉर्म भरायच्या आधीच्या शनिवारी ते झालं. तास संपवून सबनीस शिक्षकांच्या खोलीत चहाला बसले होते. परब कारखान्याच्या कपड्यांतच आले. मागे शशिकला, मान खाली.

"सबनीस तुमीच ना?" परब म्हणाले. "ह्यां तुमी शिकवलात पोरीक?"

सबनीस उठून उभे राहिले. कोणी चढ्या आवाजात बोललं की उभं राहायचं, ही त्यांच्या नोकरीची सवय.

आदल्या संध्याकाळी परबांकडे गावचा माणूस आला होता. गरे घेऊन. खोटं वाटेल, पण गरेच घेऊन. त्यानं कागद काढला, परबांनी पेन मागितलं, आणि शशिकलेनं पेन दिलं नाही. चार माणसांत, वडिलांच्या देखत, सोळा-सतरा वर्षांची पोर पाहुण्याला म्हणाली, "काका, सही नाय. तुमी बसा, च्या टाकतंय." पाहुण्यानं आजोबा काढले, देवळाची कौलं काढली. ती नुसतं "नाय काका" म्हणत राहिली. मग चहा दिला, आणि चहाबरोबर आपल्या डब्यातले सगळे पैसे आणून दिले. परत दिले नाहीत तरी चालतील म्हणाली.

"गावात तोंड दाखवूक जागा ठेवली नाय," परब म्हणाले. रागापेक्षा लाज जास्त होती, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

सबनिसांनी बचावाचा एक शब्द काढला नाही. खुर्ची पुढे केली. परब बसले नाहीत. सबनिसांनी एकच विचारलं, "पाहुण्यानं ते पैसे घेतले?"

"घेतलान," परब म्हणाले. "मोजून घेतलान. घेऊन गेलो तो."

"आणि गरे?"

"गरेय परत घेऊन गेलो."

हसावं की नाही, हे खोलीत कोणालाच कळेना. सबनिसांच्या मिशीच्या कडा हलायला लागल्या. "परब, मग फार स्वस्तात सुटलात हो तुम्ही," ते म्हणाले.

परबांनी तोंड फिरवलं, खिडकीकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे हलले. मला आधी वाटलं रडतायत. पण ते हसत होते. "गरेय घेऊन गेलो मेलो," असं पुन्हा पुन्हा म्हणत ते खुर्चीत बसले. मी त्यांना चहा दिला. शशिकला दारातच उभी होती. सबनीस तिला काहीतरी म्हणतील, ते तीन शब्द म्हणतील, असं मला वाटलं. पण वडिलांसमोर मुलीचं कौतुक करून त्यांना पुन्हा खाली बघायला लावायचं नाही, एवढी समज त्या माणसाला होती. ते चहा पीत राहिले.

फॉर्म भरला गेला, शशिकला पास झाली. लेबलं दुसऱ्याच कोणीतरी चिकटवली. पुढे शशिकला टेलिफोनच्या ऑफिसात लागली आणि घाटकोपरच्या एक्स्चेंजमध्ये बसू लागली. सबनीस आणखी दोनेक वर्षं शनिवारी येत राहिले. मग त्यांचा पट्टा बदलला, माझा तास मला परत मिळाला, आणि मला तो नकोसा झाला. मुलांना फुलदाणी काढायला लावून मी मागच्या बाकावर बसायची. कोणी मफलर बांधून आत येत नसे.

आणे जाऊन नवे पैसे सुरू झाले त्याच्या नंतरची गोष्ट. एका रविवारी सबनीस माझ्या दारात उभे. कोट तोच. हातात कागदाची पुडी. "दातेबाई, त्या परबांच्या शशिकलेचं घर तुम्हाला ठाऊक आहे ना? जरा बरोबर येता?"

वाटेत ते हवेवर बोलले, मुलुंडात किती घरं वाढली त्यावर बोलले. मी पुडीकडे बघत होते. कामाचं काही बोलले नाहीत तेव्हाच मला शंका आली.

शशिकलेला फार आनंद झाला. परब गावी गेले होते. तिनं सतरंजी घातली, आणि सबनिसांनी पुडी पुढे केली. बर्फी होती. मग त्यांनी तिच्या नोकरीची चौकशी केली, कायम झाली का विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी खिशात हात घातला आणि कागद काढला.

"माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "लहानसा छापखाना टाकतोय. एका पतपेढीतून कर्ज मिळतंय. दोन जामीन लागतात. एक मी आहे. दुसरा कायम नोकरीतला हवा." त्यांनी पेन काढलं. दोरा सोडायला लागले. "पैसे मागायला आलेलो नाही, शशिकला. नुसती सही तर करायची आहे."

ते वाक्य त्यांनाही ऐकू आलं असावं, पण ते थांबले नाहीत. मी जमिनीकडे बघत होते. या माणसामुळे ही मुलगी शिकली, आणि त्यालाच आज तिच्या दारात यावं लागलं. ती हो म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. मी स्वतः केव्हाच सही करून मोकळी झाले असते.

शशिकला उठून उभी राहिली. वर्गात राहायची तशीच, हात समोर धरून.

"नाही, सर."

"दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. भाऊ चांगला आहे माझा."

"नाही, सर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज जागेवर होता. "तुम्ही बसा. चहा टाकते."

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. सबनीस हातातल्या कागदाकडे बघत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. चहा आला, आणि बशीशेजारी दहाची एक नोट घडी करून ठेवलेली होती.

"हे परत नको, सर," ती उभ्यानंच म्हणाली.

सबनिसांनी नोटेकडे पाहिलं, मग वर पाहिलं. चेहऱ्यावरचा ताण असा सुटत गेला, की मला आठवण झाली ती त्यांच्या बोटांनी सुटणाऱ्या त्या दोऱ्याची. किती वर्षांत कोणी त्यांची अशी सुटका केली नव्हती. दुसरा जामीन नाही म्हणजे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे त्यांचीही सही नाही. आता भावाला नाही म्हणायला त्यांना तोंड उघडावं लागणार नव्हतं.

"बरोबर," ते म्हणाले. "बस खाली."

ती बसली आणि मग मात्र पदर डोळ्यांना लावला. सबनिसांनी नोट उचलून वरच्या खिशात ठेवली. "घेतो हं. भावाला देतो. बर्फी मात्र परत नेत नाही." आणि चहा घेतला, दोन कप. वसुली नसलेलं घर.

निघताना त्यांनी पेन उचललं तर दोरा सतरंजीवर कुठे गेला ते सापडेना. शशिकलेनं शिवणाच्या डब्यातून एक काढून दिला. घरात होता तो लाल. ते उंबऱ्याबाहेर जाऊन थांबले, आणि पाठमोरे उभे राहून पेनाला तो लाल दोरा स्वतःच्या हातानं, सावकाश, टोपणापासून खालपर्यंत गुंडाळत राहिले. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. गुंडाळून झाल्यावर त्यांनी टोक दातानं तोडलं, गाठ ओढून पाहिली, आणि भावाच्या घराकडे चालू लागले.